घरचें कॉकपिट आणि हिरव्या दिव्याची साक्ष

आकाशांत घिरट्या घालणारें लहानसें शिकाऊ विमान ही खानदेशांतील मुलांना आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर मुंबईच्या जुन्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे विद्यार्थी उड्डाणाचे धडे घेत आले आहेत. शिरपुरासही वैमानिक-शिक्षणाची सोय झाली. जळगांवच्या विमानतळाचें उद्घाटन २३ मार्च २०१२ रोजीं तत्कालीन राष्ट्रपति प्रतिभाताई पाटील यांच्या हस्तें झालें. आणि २०२१ सालीं नव्या उड्डाणशाळांकरितां देशांतील जे पांच विमानतळ निवडण्यांत आले, त्यांत जळगांवचा समावेश होता. कापूस आणि केळी यांच्या या मुलखांत वर पाहत उभीं राहणारीं मुलें त्यामुळें पुष्कळ झालीं आहेत.

परंतु वर पाहणाऱ्या प्रत्येकास वर जातां येतें असें नाहीं. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठीं आपल्या देशांत दोनशे तासांचें उड्डाण लागतें, आणि त्याचा खर्च लक्षावधि रुपयांचा असतो. म्हणून कांहीं हौशी मुलें, आणि मुलांहून अधिक हौशी असे त्यांचे वडील, घरांतच विमानाचें कॉकपिट उभारूं लागतात. संगणकावर सिम्युलेटर नांवाचा कार्यक्रम चालतो. त्यांत साऱ्या पृथ्वीचे डोंगर, नद्या आणि धावपट्ट्या मांडलेल्या असतात, आणि हवेच्या दाबाचें व पंखांवरील भाराचें गणित क्षणोक्षणीं सोडविलें जातें. हें काल्पनिक विमान संगणकाच्या कळा दाबून चालवितां येतें खरें. पण कळा दाबून हाताला विमानाची संवय होत नाहीं. म्हणून प्लायवुडची पाटी कापावी, तिच्यांत खटके व दिवे बसवावे, आणि जळगांवांत मुबलक बनणाऱ्या पीव्हीसीच्या नळ्या जोडून सुकाणूचा दांडा करावा, असा हा उद्योग आहे. आतां प्रश्न असा कीं, ही लांकडी पाटी त्या काल्पनिक विमानाशीं बोलते कशी? आणि तिच्यावरील दिवा जेव्हां कांहीं सांगतो, तेव्हां त्याची साक्ष कितपत खरी मानावी?

या उद्योगाची वंशावळ मोठी मौजेची आहे. अमेरिकेंतील बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाचा तरुण आपल्या वडिलांच्या पियानो व ऑर्गन बनविण्याच्या कारखान्यांत काम करीत असे. विमान शिकण्याचा खर्च त्यालाही जड वाटे. ऑर्गनमध्यें हवा खेळविणारे भाते आणि पंप त्याच्या नित्य परिचयाचे होते. त्याच भात्यांवर त्यानें विमानाचा एक ठेंगणा सांगाडा बसविला. दांडा हलवितांच भात्यांत हवा कमीजास्त होई आणि सांगाडा कलंडे. आपल्या घरच्या पेटीचा भाता ज्यानें पाहिला आहे, त्याला यांतील तत्त्व निराळें समजावयास नको. हें यंत्र त्यानें १९२९ सालीं पुरें केलें. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत मुंबईस जे. आर. डी. टाटा यांना भारतांतील पहिला वैमानिक-परवाना मिळाला.

आरंभीं लिंकचें यंत्र जत्रेंतील करमणुकीपुरतेंच खपलें. १९३४ सालीं अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांकडे टपाल नेण्याचें काम आलें, आणि खराब हवेंत केवळ तबकड्यांवर विसंबून उडण्याची संवय नसल्यामुळें त्यांच्यापैकीं कित्येक प्राणांस मुकले. तेव्हां कोठें लष्करानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत तीं हजारोंनीं बनलीं. या यंत्रांतील एक योजना आजच्या विषयाशीं थेट जुळते. शिक्षकाचें टेबल सांगाड्यापासून वेगळें असे, दोहोंमध्यें विजेच्या तारा असत, आणि टेबलावरील नकाशावर तीन चाकांचें एक लहानसें यंत्र शाईनें विद्यार्थ्याचा मार्ग रेखीत जाई. विमान एकीकडे, त्याची नोंद दुसरीकडे, आणि मध्यें तार, ही रचना जवळजवळ शंभर वर्षांची जुनी आहे. आज तारेच्या जागीं नेटवर्क आलें, इतकेंच.

ही रचना समजण्यास एकच उदाहरण शेवटपर्यंत पुरे होईल. ज्या विमानाचीं चाकें पोटांत ओढून घेतां येतात, त्याच्या पाटीवर चाकांची एक मूठ असते. मूठ वर केली कीं चाकें आंत, खालीं केली कीं बाहेर. मुठीजवळ तीन हिरवे दिवे असतात. एक नाकाखालच्या चाकाचा, एक डाव्याचा, एक उजव्याचा. चाक पूर्ण उतरून जागच्या जागीं पक्कें अडकलें म्हणजेच त्याचा दिवा लागतो. खऱ्या विमानांत या दिव्याची तार मुठीपासून येत नाहीं, तर चाकाच्या खिळीजवळ बसविलेल्या लहान खटक्यापासून येते. मूठ ही वैमानिकाची आज्ञा, आणि दिवा ही चाकाची अवस्था. आज्ञा झाली म्हणून अवस्था झालीच असें नाहीं. या एका भेदावर साऱ्या घरगुती कॉकपिटाचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

आतां घरची पाटी पाहूं. मुठीखालीं साधा विजेचा खटका असतो. त्याच्या तारा एका मायक्रोकंट्रोलरला जातात. हा तळहाताएवढा, किंवा त्याहूनही लहान, संगणक होय. आर्डुइनो आणि ईएसपी-३२ हे त्याचे प्रसिद्ध प्रकार. खटका मिटला कीं उघडा, हें तो सेकंदांतून शेंकडों वेळां पाहतो. येथें पहिली अडचण येते. खटका दाबतांना आंतील धातूचीं पानें एकमेकांवर आदळून कांहीं सहस्रांश सेकंद उसळत राहतात. माणसाला एकदांच दाबल्यासारखें वाटतें. पण चपळ यंत्राला तेंच दहा वेळां दाबल्यासारखें दिसतें. यावर उपाय सोपा आहे. खटका बदललेला दिसल्यावर यंत्रानें सुमारें वीस सहस्रांश सेकंद थांबावें, आणि तोच बदल टिकून असेल तरच तो खरा मानावा. वर्गांत गलका झाल्यावर जाणता शिक्षक क्षणभर थांबून मगच हाक मारतो, तसेंच हें.

सुकाणूच्या दांड्याला मात्र खटका पुरत नाहीं, कारण त्याला केवळ ‘होय’ वा ‘नाहीं’ सांगावयाचें नसून ‘किती’ तें सांगावयाचें असतें. तेथें पोटेन्शिओमीटर बसवितात. रेडिओचा आवाज कमीजास्त करणारें जें फिरतें बटण, त्याच्या पोटांत हाच असतो. साध्या आर्डुइनोंत त्याची स्थिति शून्यापासून १०२३ पर्यंतच्या अंकांत उमटते. दांडा मधोमध असतां येणारा अंक नीट पाहून तो शून्य कलाचा ठरवावा, आणि त्याच्या दोहों बाजूंस थोडी मोकळी जागा सोडावी. नाहींतर हात न लावतांही विमान एका अंगाला झुकत राहतें.

पाटीनें वाचलेली ही बातमी सिम्युलेटरकडे धाडावयाची कशी? एक मार्ग सरळ तारेचा, म्हणजे यूएसबीचा. एकच पाटी असेल तर तो उत्तम. पण पाट्या चार झाल्या, नकाशाचा पडदा निराळ्या संगणकावर ठेविला, शिक्षक दुसऱ्या खोलींत बसला, म्हणजे तारांचें जंजाळ होतें. मग घरांतील वाय-फाय किंवा राउटरची तार उपयोगी पडते. ईएसपी-३२ मध्यें वाय-फाय मुळांतच असतें. आर्डुइनो असल्यास त्याला रास्पबेरी पाय यासारख्या छोट्या संगणकाशीं जोडून त्याच्याकडून निरोप धाडतां येतो. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राला घरापुरता एक पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावरील कोणत्या कार्यक्रमासाठीं निरोप आहे तें पोर्ट नांवाच्या क्रमांकानें कळतें. वाड्याचा पत्ता आणि आंतील खोलीचा क्रमांक असें तें नातें आहे. एक्स-प्लेन नांवाचा सिम्युलेटर सामान्यतः ४९००० या पोर्टवर कान देऊन बसलेला असतो.

निरोप धाडण्याच्या दोन रीती आहेत. एक पूर्वींच्या रजिस्टर पत्रासारखी: पोच येईपर्यंत पाठविणारा स्वस्थ बसत नाहीं, आणि पत्र हरवल्यास पुन्हां पाठवितो. तिला टीसीपी म्हणतात. दुसरी साध्या पोस्टकार्डासारखी: पेटींत टाकलें कीं काम संपलें, पोचलें तर पोचलें. तिला यूडीपी म्हणतात. उड्डाणाच्या कामीं बहुधा दुसरीच रीत वापरतात, आणि त्याला कारण आहे. दांडा आतां कोठें आहे, ही बातमी सेकंदांतून वीस-तीस वेळां जात असते. त्यांतील एक हरवली आणि ती पुन्हां मागवून आणली, तर येईपर्यंत ती शिळी झालेली असते, आणि तिच्यासाठीं मागच्या ताज्या बातम्या मात्र ताटकळत राहतात. त्यापेक्षां हरवलेली सोडून देऊन पुढची घ्यावी, हेंच शहाणपण.

एक्स-प्लेनमध्यें विमानाच्या प्रत्येक अवस्थेला एक नांव असतें. त्यास डेटारेफ म्हणतात. एखादी किंमत बदलावयाची असल्यास ५०९ बाइटांचा एक ठराविक निरोप पाठवितात: आरंभीं पांच बाइटांची खूण, मग चार बाइटांत किंमत, आणि उरलेल्या पांचशेंत त्या अवस्थेचें नांव. उलट, एखादी किंमत सेकंदांतून इतक्या वेळां कळवीत जा, असें सिम्युलेटरलाच सांगण्याचाही निरोप आहे. फ्लाइटगिअर हा फुकट मिळणारा आणि ज्याचें अंतरंग कोणासही वाचतां येतें असा सिम्युलेटर. त्यांतही अशा नांवांचें एक झाड असतें, आणि त्यांतून हवीं तीं पानें तोडून नेटवर्कवर धाडण्याची सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरला सिमकनेक्ट नांवाचें दार आहे. त्याच संगणकावर एक मध्यस्थ कार्यक्रम ठेवून पाटीचे निरोप त्या दारांतून आंत पोचवितात.

येथवर सारें सुरळीत वाटतें. पण पोस्टकार्ड हरवूं शकतें, हें एकदां मान्य केलें म्हणजे पत्रांत काय लिहावें याचा विचार करणें भाग पडतें. पुष्कळ नवशिके पाटीकडून ‘चाकांची अवस्था उलट कर’ असा निरोप धाडतात. तो हरवला कीं मूठ खालीं आणि चाकें वर, अशी स्थिति होते. आणि पुढच्या प्रत्येक हालचालीबरोबर हें उलटेंच नातें कायम राहतें. त्याऐवजीं ‘मूठ खालीं आहे’ असें लिहावें, आणि बदल झाला नसला तरी सेकंदांतून एकदोनदां तेंच पुन्हां लिहावें. मग एक पत्र गेलें तरी दुसरें चूक दुरुस्त करतें. याच संवयीमुळें आणखी एक लाभ होतो. संगणक नव्यानें सुरूं केल्यावर पाटीवरील खटके जसे असतील तशीच विमानाची अवस्था आपोआप जुळून येते.

याहून मोठी चूक दिव्यांच्या बाबतींत होते. मूठ खालीं केली कीं हिरवे दिवे लागावेत, एवढेंच पाहणारा मनुष्य दिव्यांची तार सरळ मुठीलाच जोडतो. काम झटपट होतें, दिवे छान लागतात, पाहुणे खूष होतात. पण तो दिवा चाकाची साक्ष देत नसून मुठीचीच री ओढीत असतो. वादीनें सांगितलेलें साक्षीदारानें तसेंच पुन्हां म्हणावें, तशी त्याची किंमत. खरी रीत अशी कीं, मुठीचा निरोप सिम्युलेटरकडे जावा, काल्पनिक चाकें तेथें उतरूं लागावीं, आणि त्यांची अवस्था उलट टपालानें पाटीकडे यावी. सिम्युलेटरमध्यें ही अवस्था शून्य ते एक अशा अपूर्णांकांत असते: शून्य म्हणजे पूर्ण आंत, एक म्हणजे पूर्ण बाहेर. ही किंमत ०.९९ च्या वर गेल्यावरच त्या त्या चाकाचा दिवा लागावा. चाकें उतरण्यास जे कांहीं सेकंद लागतात, तेवढा वेळ दिवे विझलेलेच राहिले पाहिजेत. तो काळोख वैमानिकाला धीर धरावयास शिकवितो.

हा भेद म्हणजे केवळ पुस्तकी काटेकोरपणा असें कोणी समजूं नये. २८ मार्च १९७९ रोजीं अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीज-केंद्रांत एक झडप उघडी अडकून राहिली आणि तींतून पाणी वाहून जाऊं लागलें. नियंत्रण-कक्षांतील दिवा मात्र विझला होता, आणि त्यावरून झडप मिटली असें कामगारांनीं मानलें. वस्तुतः तो दिवा झडपेची अवस्था सांगतच नव्हता. झडपेला मिटण्याची आज्ञा गेली, एवढेंच तो सांगत होता. अणुभट्टीचा गाभा बऱ्याच अंशीं वितळला, आणि अमेरिकेच्या अणुवीज-इतिहासांतील तो सर्वांत मोठा अपघात ठरला. जी चूक घरच्या प्लायवुडवर दोन तारांनीं होते, तीच तेथें मोठमोठ्या अभियंत्यांच्या पाटीवर झाली होती.

दिवा दुसऱ्या रीतीनेंही फसवितो. २९ डिसेंबर १९७२ रोजीं मायामी येथें उतरूं पाहणाऱ्या ईस्टर्न कंपनीच्या विमानांत नाकाच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. चाक नीट उतरलेलें होतें. फक्त दिवा जळाला होता. त्या दिव्याच्या शोधांत सारे चालक इतके गुंतले कीं, विमान हळूहळू खालीं जात आहे हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. दलदलींत कोसळून १०१ माणसें मेलीं. म्हणून पाटीवर ‘दिवे-परीक्षा’ असें एक बटण अवश्य ठेवावें, जें दाबतांच सर्व दिवे लागावेत. न लागलेला दिवा मुका आहे कीं मेलेला आहे, हें त्यावरून तत्काळ समजतें. आणि तिसरी गोष्ट मौनाची. सिम्युलेटरकडून एक सेकंदभर कांहींच बातमी आली नाहीं, तर पाटीनें शेवटची बातमी धरून बसूं नये. हिरवे दिवे विझवावे आणि संबंध तुटल्याचा एक पिवळा दिवा लावावा. कालचें वर्तमानपत्र आजचें म्हणून वाचून दाखविणें याला प्रामाणिकपणा म्हणत नाहींत.

इतकें साधल्यावर पाटीची परीक्षा घेण्यास जळगांव ते धुळें ही सफर सोईची आहे. अंतर सुमारें ९० किलोमीटर. लहान विमानास अर्ध्या तासाहून फारसें अधिक लागत नाहीं. काल्पनिक जळगांवाहून उठून पश्चिमेकडे निघावें. प्रथम गिरणा ओलांडावी, एरंडोल मागें टाकावें, पारोळ्यापुढें बोरीचें पात्र यावें, आणि शेवटीं पांझरेच्या कांठीं धुळें दिसावें. वाटेंत घरच्या कोणीतरी मुद्दाम खोड्या कराव्या. एकदां राउटरची वीज काढावी आणि पिवळा दिवा लागतो कीं नाहीं पाहावें. एकदां सिम्युलेटरमध्यें, चालकास न सांगतां, डावें चाक अडकवून ठेवण्याची योजना करावी. तशी सोय त्यांत असते. मूठ खालीं केल्यावर दोनच हिरवे दिवे लागले तर पाटी खरी. तीन लागले तर पाटी सुंदर असेल, पण खोटी आहे. तिच्या तारा उकलून पुन्हां जोडाव्या.

जळगांवच्या मुलाला धुळ्याच्या मित्राबरोबर एकाच काल्पनिक आकाशांत उडतां येतें काय? येतें, फ्लाइटगिअरमध्यें त्यासाठीं सामाईक केंद्रें आहेत, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर दुसऱ्याचें विमान दिसतें. परंतु प्रत्येकाची पाटी व प्रत्येकाचा सिम्युलेटर एकाच घरांत असावा. घरांतील निरोपास कांहीं सहस्रांश सेकंद लागतात, आणि हाताला तें जाणवत नाहीं. दूरच्या इंटरनेटवरून तो विलंब वाढतो, शिवाय कमीजास्त होतो, आणि सुकाणू हातांत असूनही निसटल्यासारखें वाटतें. दुसरें असें कीं, हे यूडीपीचे निरोप कोणाचे आहेत याची ओळख सिम्युलेटर विचारीत नाहीं. म्हणून राउटरचें तें पोर्ट बाहेरच्या जगाला कधींही उघडें करूं नये. फारच आवश्यकता पडल्यास दोन्ही घरांमध्यें व्हीपीएनचा बंदिस्त बोगदा करावा, आणि त्यांतूनही नकाशाची बातमीच पाठवावी, सुकाणूची नव्हे.

या साऱ्याची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. घरच्या कॉकपिटांत घालविलेला एकही तास परवान्याच्या दोनशे तासांत धरला जात नाहीं. तेथें शरीराला भार जाणवत नाहीं, पोटांत खड्डा पडत नाहीं, आणि चुकीची शिक्षा म्हणून पडदा तेवढा थांबतो. खरें आकाश इतकें क्षमाशील नाहीं. १६ जुलै २०२१ रोजीं जळगांव जिल्ह्यांत, चोपडा तालुक्यांतील वर्डी गांवाजवळ सातपुड्याच्या रानांत एक शिकाऊ विमान कोसळलें. प्रशिक्षक जागींच गेले, आणि शिकणारी तरुणी जखमी झाली. आसपासचे गांवकरी धांवून आले आणि त्यांनींच तिला रानांतून बाहेर काढलें. घरच्या पाटीपुढें बसणाऱ्या मुलानें त्या दिवसाची आठवण ठेवावी, ती भिण्यासाठीं नव्हे, तर खेळांतही हाताला खोटी संवय लावून घेऊं नये यासाठीं.

कारण घरचें कॉकपिट वैमानिक घडवीत नसलें तरी संवय घडवितें. मूठ खालीं करावी, हात तसाच ठेवावा, दिव्यांकडे पाहावें, एक, दोन, तीन मोजावे, आणि मगच हात काढावा. ज्या पाटीचे दिवे मुठीबरोबरच लागतात, तेथें हें मोजणें दोन दिवसांत सुटतें, कारण मोजण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. ज्या पाटीचे दिवे चाकांची वाट पाहतात, तेथें मुलगाही वाट पाहावयास शिकतो. पुढें तो गोंदूरच्या धावपट्टीवर बसो, कीं एखाद्या कारखान्यांतील झडपेपुढें, कीं दवाखान्यांतील यंत्रापुढें. ‘मी सांगितलें’ आणि ‘तें झालें’ यांत अंतर असतें, आणि तें अंतर डोळ्यांनीं तपासावें लागतें, एवढें त्याच्या हातांत मुरलेलें असेल. प्लायवुडच्या एका पाटीनें आणि तीन हिरव्या दिव्यांनीं इतकें शिकविलें, तर तिच्यावर घालविलेल्या रात्री वायां गेल्या असें कोणी म्हणणार नाहीं.